डोळ्यांनी मारलेली हाक

मागच्या महिन्यात गोडा मसाल्यावर लिहिताना ओघात 'आमच्या दादाचं आजारपण' असे दोनच शब्द लिहून गेले, आणि मसाल्यापेक्षा त्या दोन शब्दांवरच जास्त फोन आले. ग्वाल्हेरच्या एका काकूंचा, बडोद्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा, शिवाय इथलेच इंदूरचे तिघे. सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं. विचारणाही जवळजवळ तीच. "ते नुसत्या डोळ्यांनी चालवायचं यंत्र निघालंय म्हणे, डोळ्यांवर चढवायचं. तुमच्याकडे आणलं होतं ना? घ्यावं का?"

आणलं होतं. अकरा दिवस घरात होतं. घ्यावं का, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून या वेळी मसाले बाजूला ठेवून हेच लिहिते. दादाला विचारून लिहिते आहे, हेही सांगून टाकते.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होता. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात त्याची उमर गेली. चार वर्षांपूर्वी त्याच्या हातातून पेन्सिल सुटायला लागली. आम्हाला वाटलं मानेचा मणका. निघाला मोटर न्यूरॉनचा आजार, ज्याला एएलएस म्हणतात. मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. आता पोटात नळी आहे, रात्री आणि दुपारी श्वासासाठी बायपॅपचा मास्क असतो. स्पर्श कळतो, ऐकू येतं, डोकं पूर्वीसारखंच तल्लख. आणि डोळे हलतात.

डोळेच का वाचतात, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या पेशी या आजाराला बऱ्याच उशिरापर्यंत दाद देत नाहीत. सगळं घर पडावं आणि देवघर तेवढं उभं राहावं, तसं काहीसं. म्हणून जगभर अशा रुग्णांसाठी जे काही शोध लागले, त्यातले बरेचसे डोळ्यांभोवतीच फिरतात. (स्टीफन हॉकिंग डोळ्यांनी लिहायचे असं पुष्कळांना वाटतं. ते गालाचा स्नायू हलवून लिहायचे. चष्म्याला लावलेला एक सेन्सर ती हालचाल टिपायचा. मलाही हे दादाच्या आजारपणातच कळलं.)

यंत्राकडे येण्याआधी आमच्या वहिनीच्या पाटीबद्दल सांगायलाच हवं, कारण घरात सगळं बोलणं तिच्यावर चालतं.

परदेशात पारदर्शक फळ्यावर अक्षरं चिकटवून रुग्णाने त्यांच्याकडे बघायचं, अशी जुनी पद्धत आहे. समोरचा माणूस फळ्याच्या पलीकडून त्याची नजर वाचतो. वहिनीने फ्रेमवाल्याकडून अॅक्रिलिकचा पत्रा कापून आणला आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली वर्णमाला बसवली. आपली वर्णमाला या कामासाठीच रचली असावी असं वाटतं! कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, प्रत्येकात पाच. सहावा गट य र ल व श. सातवा ष स ह ळ आणि अ. आठवा गट काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार. आठ गट पत्र्याच्या चार कोपऱ्यांत आणि चार कडांना. दादा आधी गटाकडे बघतो, मग पाच रंगांच्या ठिपक्यांपैकी एकाकडे. दोन नजरांत एक खूण. ङ आणि ञ यांना कुणी विचारत नाही, तेव्हा त्यांच्या जागी 'पुसा' आणि 'शब्द संपला'. ऱ्हस्वदीर्घ दादानेच रद्द केलं. वेलांटी एकच. इ लिहायची तर अ ला वेलांटी, सावरकरी बाराखडीसारखी. काना आणि मात्रा मिळून ओ. जोडाक्षर आपलं आपण ओळखायचं. 'पाणी' म्हणजे प, काना, ण, वेलांटी. चार खुणा, आठ नजरा. 'हो' म्हणजे डोळे मिटणं, 'नाही' म्हणजे डावीकडे बघणं, आणि सरळ वर छताकडे बघून थांबला की 'इकडे या'.

या शेवटच्या खुणेत एक मोठी अडचण आहे. ती दिसायला कुणीतरी त्याच्याकडे बघत असावं लागतं.

तर, दादाचा मुलगा परदेशात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो यंदा गणपतीत आला तो हेडसेट घेऊनच. स्कीच्या खेळाडूंचे मोठे गॉगल असतात तसं दिसतं. आत दोन छोटे पडदे, बाहेर कॅमेरे. घातलं की आपली खोली दिसतेच, पण तिच्यात हवेत तरंगणाऱ्या खिडक्याही दिसतात. किंवा खोली पुसून त्या जागी डोंगर, समुद्र, काय हवं ते. या सगळ्या प्रकाराला मिळून एक्सआर, म्हणजे एक्सटेंडेड रिअॅलिटी म्हणतात. बहुतेक लोक हातात दोन दांडे धरून किंवा बोटांची चिमटी करून हे चालवतात. ज्याचं बोटच हलत नाही, त्याने काय करायचं?

इथे नजर येते. हेडसेटच्या आत डोळ्यांभोवती बारीक इन्फ्रारेड दिवे असतात. त्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण बुबुळावर त्याचे चकाकते ठिपके पडतात. छोटे कॅमेरे ते ठिपके आणि बाहुलीचा मध्य यांच्यातलं अंतर सतत मोजत राहतात आणि त्यावरून नजर कुठे आहे ते काढतात. आधी यंत्राला आपली ओळख करून द्यावी लागते. एकामागून एक ठिपके दिसतात, त्यांच्याकडे बघायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. दादाला ते पहिल्याच दिवशी आवडलं, कारण नकाशाचं काम सुरू करण्याआधी तोही आपली उपकरणं अशीच तपासून घ्यायचा.

पलंगासमोर स्टँडवर बसवलेलं नजरेचं यंत्र आणि हे हेडसेट यांच्यात एक मोठा फरक आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. स्टँडवरच्या यंत्राला चेहरा ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात लागतो. रुग्णाची उशी फार सरकली की सगळं चुकतं. हेडसेट डोक्यावरच असल्यामुळे डोकं कुठेही कललं तरी त्याचा डोळ्यांशी कोन तोच राहतो. शिवाय खिडकी कुठेही लावता येते. पुतण्याने ती छतावर लावली. दादा आठ महिने त्याच छताकडे बघत होता. पंखा, त्याच्या शेजारी ओलीचा डाग आणि ट्यूबलाइट. त्या डागावर आता खिडकी उघडली.

सुरुवात मात्र फजितीची झाली. यंत्र सुरू केल्यावर त्याने पहिली सूचना दिली, दोन्ही हात समोर धरा. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. पुतण्याचा चेहरा पडला. पुढे सेटिंगमध्ये शोधून त्याने ती पायरी वगळली आणि 'नुसत्या नजरेने' चालायची सोय चालू केली. ती सोय होती, पण दाराच्या आत. दारावर हात मागणारंच.

नजरेने बटण दाबायचं म्हणजे त्याच्याकडे बघत राहायचं, साधारण अर्धा ते एक सेकंद. तेवढ्यात एक गोल भरत जातो आणि बटण दाबलं जातं. ऐकायला सोपं आहे. पण जरा विचार करा, आपण डोळे कशासाठी वापरतो? बघण्यासाठी. डोळा एका जागी टिकतच नाही, सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, आणि कुठे थांबायचं ते बहुतेक वेळा आपण ठरवतही नाही. आता जिथे थांबेल तिथे काहीतरी घडायला लागलं तर? संशोधकांनी याला 'मिडास टच' असं नाव दिलंय. रॉबर्ट जेकब या अमेरिकन संशोधकाने 1990 च्या सुमारास ही अडचण नेमकी मांडली. मिडास राजाने हात लावला की वस्तूचं सोनं व्हायचं, पोळीचंसुद्धा. मला आपला भस्मासुर आठवला. वर मिळाला खरा, पण हात कुठे ठेवावा याची पंचाईत.

दादाची पंचाईत अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी झाली. इंदूरच्या वाचकांना झांक्यांबद्दल सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथल्या कापड गिरण्यांच्या गणेशोत्सवांच्या झांक्या निघतात, रोषणाईचे हलते देखावे, रात्रभर. गिरण्यांचे भोंगे केव्हाच बंद झाले, झांक्या मात्र निघतातच. लहानपणी दादा मला खांद्यावर बसवून न्यायचा. आता चार वर्षं त्याने झांकी पाहिली नव्हती. पुतण्याने रात्रभर रस्त्यावर उभं राहून खोलीचा भास देणारं चित्रीकरण केलं आणि दुसऱ्या दिवशी ते हेडसेटमध्ये लावलं. आम्हाला बाजूच्या टॅबवर तेच दिसत होतं. हत्ती सोंड हलवत आला, दादाची नजर हत्तीवर, तिथून हत्तीखालच्या ट्रॉलीच्या चाकांकडे (ड्राफ्ट्समन!), आणि चाकांजवळच नेमकं चित्र थांबवायचं बटण. हत्ती थांबला. परत चालू केला. परत चाकं, परत हत्ती थांबला. चौथ्या वेळी दादाने डोळे मिटून घेतले आणि उघडेचना.

यावर उपाय असतो. डोळ्यांना सुट्टी देणारं एक बटण असतं, ते एकदा दाबलं की पुढे नुसतं बघता येतं. सेकंद वाढवता येतात, बटणं मोठी आणि कडेला नेता येतात. पुतण्याने ते सगळं केलं आणि मग दादाने सलग वीस मिनिटं झांक्या पाहिल्या. काय वाटलं, ते त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण ही 'नुसतं बघण्याची' सोय मागून कशी काय आठवते, हे मला कळत नाही. ज्याचं बोलणं, हात, सगळं नजरेत येऊन बसलंय, त्याला सारखं बोलायलाच लावायचं का? आपण बसतोच ना खिडकीत, कुणाला काहीही न सांगता.

आता थोडं, हे सगळं आलं कुठून याबद्दल. मोठ्या कंपन्यांच्या आधी हे काम हौशी आणि हट्टी लोकांनी केलंय. लॉस एंजेलिसमध्ये टोनी क्वान नावाचा भिंतींवर चित्रं काढणारा कलाकार होता, टेम्प्ट या नावाने ओळखला जाणारा. त्याला हाच आजार झाला. 2009 मध्ये काही कलाकार आणि प्रोग्रामर मित्रांनी स्वस्तातल्या गॉगलच्या फ्रेमला व्हिडिओ गेमचा कॅमेरा जोडून 'आयरायटर' बनवला. टोनी पलंगावरून नजरेने रेघा ओढायचा आणि त्या प्रोजेक्टरने शहरातल्या इमारतीवर उमटायच्या. 2014 मध्ये जपानमध्ये अपंग मुलांच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याने 'फोव्ह' नावाच्या हेडसेटमधून नजरेने पियानो वाजवला. त्याच वर्षी स्टीव्ह ग्लीसन या एएलएस झालेल्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूने मायक्रोसॉफ्टच्या लोकांना नजरेने चाक-खुर्ची चालवायचं आव्हान दिलं. त्या कामातून पुढे 2017 मध्ये विंडोज 10 मध्येच नजरेने माऊस चालवायची सोय आली. अॅपलचा व्हिजन प्रो फेब्रुवारी 2024 मध्ये आला, तो तर सगळ्यांसाठीच नजरेवर चालणारा. धडधाकट माणसाने बघायचं आणि चिमटी करायची. ज्याला चिमटी जमत नाही त्याने नुसतं रोखून बघायचं. एकच डोळा नीट चालत असेल तर तेवढ्यावरच चालवायची सोयही त्यात आहे.

आपल्याकडेही काम झालंय, आणि मला ते सगळ्यात भावलं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. प्रदीप्त बिस्वास यांच्या प्रयोगशाळेने चेन्नईच्या विद्यासागर या संस्थेबरोबर, सेरेब्रल पाल्सीमुळे हात आणि वाचा दोन्ही गमावलेल्या तरुणांसाठी यंत्रमानवाचा हात नजरेने चालवायची पद्धत बसवली. कॅमेऱ्यातून समोरचं दृश्य पडद्यावर दिसतं, त्याच दृश्यावर खुणा उमटतात, आणि बघितलं त्या जागी यंत्राचा हात जातो. नजर टिपायला महागडं यंत्र नाही, साधा वेबकॅम. आणि काम कोणतं? कापडावर छपाई. मी हे दादाला वाचून दाखवलं तेव्हा त्याने परत वाचायला लावलं. आम्ही बाग प्रिंटच्या मुलखातली माणसं, ठसा सरळ रेषेत उमटवणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे.

आता घरात काय बिनसलं ते.

सहाव्या दिवशी दुपारी दादा हेडसेटमध्ये जुने फोटो बघत होता. वहिनी शेजारीच भाजी निवडत होती. दादाच्या घशात लाळ साठते, ती मशीनने ओढून काढावी लागते. एरवी त्याने छताकडे बघितलं की वहिनीला कळतं. तिचं अर्धं लक्ष कायम त्याच्या डोळ्यांवर असतं, भाजी निवडतानाही आणि झोपेतसुद्धा. त्या दिवशी दादा छताकडेच बघत होता, कारण फोटो छतावरच होते. आणि त्याने हाक मारली तीही छताकडेच बघून. डोळे झाकलेले. काही हेडसेटच्या बाहेरच्या काचेवर आतल्या डोळ्यांचं चित्र उमटतं, पण ते चित्रच. त्याचा श्वास घरघरला तेव्हा वहिनीच्या हातातली मेथी खाली पडली. अर्ध्या मिनिटाचाच प्रसंग, निभावलं. पण वहिनीने ते यंत्र काढून कपाटात ठेवलं आणि पुतण्याला म्हणाली, "बाबा रे, त्यांचे डोळे मला दिसत नाहीत. बाकी तुझं सगळं चांगलं असेल."

त्या रात्री आमच्या घरात जी चर्चा झाली ती तुमच्याही घरात झाली असेल. पुतण्याचं म्हणणं, हे इथेच ठेवतो, मी दुसरं घेईन. असलं यंत्र साधारण साडेतीन हजार डॉलरचं, आपले तीन लाखांच्या वर. माझं म्हणणं, ठेवावं, झांकी बघताना त्याचा चेहरा पाहिलास ना? वहिनीचं म्हणणं, तेवढ्या पैशात रात्रीची बाई लावा, मला तीन वर्षांत सलग झोप नाही. तिघंही खरं बोलत होतो, आणि तिघंही दाराच्या अलीकडे बोलत होतो, पलंगाच्या नाही.

पुतण्या मात्र बापावर गेलाय. भांडण झालं की नकाशा काढायला बसतो. सकाळपर्यंत त्याने एक गोष्ट केली होती. नजरेच्या टापूत, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, एक मोठं लाल बटण. काहीही चालू असलं तरी ते तिथेच. त्याच्याकडे बघत राहिलं की स्वयंपाकघरात ठेवलेल्या फोनवर देवळातल्या घंटेसारखा आवाज होतो. बटणावर मराठीत लिहिलं होतं 'हाक'. दुपारी वहिनीने कुरकुरत परत हेडसेट चढवू दिला.

पहिल्या दिवशी घंटा नऊ वेळा वाजली. त्यातल्या दोन वेळा काम होतं. उरलेल्या सात वेळा वहिनी धावत गेली तर काही नाही. पाटी धरली तर दादा म्हणे 'नुसतंच'. आठव्या वेळी ती जरा चिडली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती तिथेच पलंगाच्या कडेवर बसली. दोन वर्षं या माणसाने कुणाला हाक मारली नव्हती. कुणी बघेल तेव्हा बघेल, अशी वाट पाहिली होती. माझ्या माहेरच्या घरात तो जिन्यातून 'अगं ए' म्हणून ओरडायचा तेव्हा चौथ्या घरातल्या बायका बाहेर यायच्या.

नंतरच्या दिवसांत घंटा कमी झाली. हेडसेटही कमी झालं. सहाशे-साडेसहाशे ग्रॅम वजन म्हणजे काही नाही असं तुम्हा-आम्हाला वाटेल. झोपलेल्या माणसाच्या गालफडांवर आणि नाकाच्या हाडावर, बायपॅपच्या मास्कच्या जोडीला, ते वीस मिनिटांनी टोचायला लागतं. मास्कचे पट्टे आणि हेडसेटचे पट्टे एकमेकांच्या आड येतात. टक लावून बघितल्याने डोळे कोरडे पडतात, दादाला थेंब घालावे लागले. चष्म्याचा नंबर असेल तर आत बसवायच्या भिंगांची सोय आधीच करावी लागते, ती पुतण्याने केली होती म्हणून निभलं. आणि हे चढवायला, उतरवायला, पुसायला दुसरं माणूस लागतंच. जाहिरातीतला माणूस सोफ्यावर एकटाच बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट बडोद्याच्या प्राध्यापकांनी विचारली होती: नजर कुणाला विकली तर जात नाही ना? प्रश्न रास्त आहे. आपण कशाकडे किती वेळ बघतो यावरून आपल्याबद्दल पुष्कळ कळतं. अॅपलचं म्हणणं असं की नजर यंत्रातच राहते, अॅपला फक्त शेवटी काय निवडलं तेवढंच कळतं. तरी 2024 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या आभासी चेहऱ्याच्या डोळ्यांवरून माणूस काय टाइप करतोय हे ओळखता येतं. कंपनीने नंतर ती फट बुजवली. घेणाऱ्याने विचारावं, एवढंच म्हणते.

निघायच्या आदल्या दिवशी पुतण्याने पाटी हातात घेतली आणि वडिलांना सरळ विचारलं, ठेवू का? तोवर आमच्यापैकी कुणीही त्यालाच विचारलं नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते. दादाने शब्द जुळवायला वेळ घेतला. पुतण्या एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होता. 'हाक ठेव. डबा ने.' हेडसेटला तो पहिल्या दिवसापासून डबाच म्हणत होता. पुतण्या हसता हसता रडला, मग थोड्या वेळाने दादाने आणखी लिहिलं, 'पुढल्या गणपतीत आण.' म्हणजे डब्यावर राग नव्हता.

मग हाक ठेवायची कशी? आयफोन आणि आयपॅडमध्ये 2024 च्या शरद ऋतूत आलेल्या आयओएस 18 पासून नजरेने चालवायची सोय आहे, पुढच्या कॅमेऱ्यावर चालते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. हेडसेटइतकी अचूक नाही. मोठ्या बटणांना बरी आहे. साधारण दीड फुटावर, स्थिर, चेहऱ्यासमोर हवी. पुतण्याने स्वतःचा जुना आयपॅड ठेवला. वहिनीच्या ओळखीच्या वेल्डिंगवाल्याने सलाईनच्या स्टँडला आडवा पाइप जोडून दिला, पंख्याखाली तो डुलायचा म्हणून पायाशी रेतीची पिशवी बांधली. अँड्रॉइड फोन असेल त्यांनी गूगलचं 'लुक टू स्पीक' बघावं. डावीकडे, उजवीकडे, वर, एवढ्याच नजरांवर चालतं आणि वाक्यं आपल्याला हवी ती लिहून ठेवता येतात. विंडोजवर 'ऑप्टिकी' नावाचा नजरेने टाइप करायचा कीबोर्ड फुकट मिळतो. त्याच्यासाठी नजर टिपणारं यंत्र मात्र जोडावं लागतं.

ग्वाल्हेरच्या काकूंना मी फोनवर सांगितलं तेच इथे सांगते. यंत्राच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कधीकधी भिंगावरची चकाकी कॅमेऱ्याला फसवते, जाड किंवा प्रोग्रेसिव्ह चष्माही त्रास देतो, आणि कुणाचे डोळे स्वतःच थरथरत असतील तर हा मार्गच नाही, मान किंवा गाल बघावा. बोलता येतंय, एखादं बोट हलतंय, तेव्हाच सवय सुरू करा. आम्ही उशीर केला. आणि वहिनीची पाटी आधी करा. ती वीज गेल्यावर चालते.

रात्रीची बाई लावली आहे. पहिल्या रात्री वहिनी झोपलीच नाही, बाई दादाकडे बघते आहे की नाही ते बघत बसली. आता झोपते.

हा लेख काल दादाला वाचून दाखवला. त्याने दोन दुरुस्त्या सांगितल्या. मी बारा दिवस लिहिलं होतं, ते अकरा होते. दुसरी दुरुस्ती सांगायला वेळ लागला. रातर, शब्द संपला, काढ. आठ खुणा, सोळा नजरा. झांकी पाहिल्यानंतरच्या रात्रीबद्दल मी एक परिच्छेद लिहिला होता. तो इथे नाही.